धुरी दिलेली मासळी : साठवण, पोषण व सुरक्षितता

धुरी दिलेली मासळी म्हणजे लाकडाच्या धुरात आणि आचेवर शिजवून सुकवलेले मासे. कोकणात मासळी टिकवण्याचे काम ऊन व मीठ करतात. पश्चिम आफ्रिकेच्या दमट किनाऱ्यावर ते भट्टीला करावे लागते. घानातील आक्राजवळच्या चोरकोर वस्तीत 1970च्या सुमारास स्थानिक स्त्रिया आणि संशोधक यांनी मिळून घडवलेली, जाळीचे ट्रे एकावर एक रचायची भट्टी पुढे अनेक देशांत पसरली. अशी मासळी धुरामुळे टिकते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. एक-दोन तास धुरी दिलेल्या मऊ माशात निम्म्याच्या आसपास पाणी उरते आणि तो दोन-तीन दिवसांत नासतो. 10 ते 18 तास भट्टीत राहून 10–15 टक्के ओलाव्यावर आलेला मासा कित्येक महिने राहतो. धुरातील फिनॉले व फॉर्माल्डिहाइड जंतूंना मारक असतात हे खरे, पण ती मुख्यतः कातडीवरच साचतात. आचेतून वाचलेले बीजाणू आणि नंतर हातांतून, टोपल्यांतून, माश्यांमुळे आलेले जंतू ओलावा मिळताच वाढतात. पावसाळ्यात हवेतले पाणी शोषून कडक मासळीलाही बुरशी धरते.

पिढ्यान्‌पिढ्या लोक ही मासळी खात आले, मग धोका कुठला, असे विचारले जाते. ती मासळी खडखडीत वाळलेली असे आणि रश्शात उकळून खाल्ली जाई; उकळीत बोट्युलिनम जंतूचे विष नष्ट होते. निर्वात पाकिटातला ओलसर मासा मात्र न उकळता थेट ताटात येतो. 1963 मध्ये अमेरिकेत ग्रेट लेक्समधील अशाच पाकीटबंद माशांतून बोट्युलिझम, म्हणजे या विषाची बाधा, होऊन माणसे दगावली. त्यातला ई प्रकारचा जंतू प्राणवायूशिवाय, सुमारे 3.3 अंश सेल्सिअसलाही वाढतो. म्हणून निव्वळ फ्रीजवर विसंबता येत नाही, पुरेसे मीठही लागते. शिळ्या बांगड्यात आधीच तयार झालेले हिस्टामिन हे विषारी द्रव्य तर भट्टीत नष्ट होत नाही आणि उकळूनही जात नाही.

पोषणाचे आकडेही सावधपणे वाचावेत. 75 टक्के पाणी व 20 टक्के प्रथिने असलेला 100 ग्रॅम मासा 15 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवला, तर त्याचे वजन 29 ग्रॅमच्या आसपास उरते आणि प्रथिनांचे प्रमाण 68 टक्के दिसते. प्रथिने मात्र तीच 20 ग्रॅम. उलट तीव्र आचेत लायसिन या अमिनो आम्लाची उपलब्धता घटते आणि साठवणीत मेद खवट होतो. बुरशी टाळण्यासाठी व्यापारी साठ्याला पुन्हा धुरी देतात. त्याने ओलावा जातो, पण लायसिनची हानी वाढते आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्येही साचत जातात. युरोपीय संघात धुरी दिलेल्या माशातील बेंझोपायरीनची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आहे. म्हणून पहिल्याच धुरीत मासा पुरता सुकवणे आणि नंतर कोरड्या, झाकलेल्या जागी ठेवणे अधिक हिताचे. त्यासाठी जळण जास्त लागते, आणि गरीब विक्रेतीची खरी अडचण तीच असते.