नारळाच्या भुशाचें भाग्य

नारळाच्या फळांतून खोबरें, तेल, करवंटी आणि काथ्या हीं चार द्रव्यें मनुष्यानें फार पूर्वींच काढून घेतलीं. पांचवें द्रव्य मात्र रोज हातीं येत असूनहि त्यानें तें कित्येक शतकें फेंकून दिलें. सोडणांतील तंतूंच्या मधोमध जो तांबूस, मऊ आणि बुचासारखा हलका भुसा असतो, तेंच हें द्रव्य होय. कोंकणांत सुंभ वळणाऱ्याच्या अंगणांत तो वाऱ्यावर उडे. केरळांत खाडीकांठीं त्याचे ढीग साचत. आज शहरांतील गच्चीवर आणि सज्जांत ‘कोकोपीट’ या नांवानें तो फुलझाडांच्या कुंड्यांत मानानें येऊन बसला आहे. पण हा मान त्याला प्रथमच मिळाला असें नाहीं. तो एकदां मिळाला, पुढें गेला आणि सुमारें शंभर वर्षांनीं पुन्हां मिळाला.

काथ्या काढण्याची जुनी रीत मोठी कष्टाची होती. केरळांत सोडणें खाडीच्या मचूळ पाण्यांत चिखलाखालीं सहा ते दहा महिने पुरून ठेवीत. सूक्ष्म जंतूंच्या क्रियेनें तंतूंना जोडणारा चिकट अंश सुटे. मग बायका त्या दुर्गंधींत बसून लांकडी मोगरीनें सोडणें बडवीत आणि तंतु वेगळे करीत. मागें राहणारा भुसा वजनानें तंतूंच्या जवळजवळ दुप्पट भरे, आणि त्याला कोणीहि विचारीत नसे. १८५९ सालीं जेम्स डॅरा या गृहस्थानें त्रावणकोर संस्थानांतील आलेप्पी, म्हणजे हल्लींचें आलप्पुळा, येथें काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला. तेव्हांपासून या धंद्याला कारखानदारीचें रूप आलें, आणि धंद्याबरोबर ढीगहि वाढले.

त्याच सुमारास विलायतेंत काथ्याच्या चटया आणि ब्रश करणारे कारखाने चालू होते, व तेथेंहि हाच भुसा सांचत होता. श्रीमंतांच्या कांचगृहांत त्या काळीं नेचे आणि परदेशी फुलझाडें लावण्याची हौस शिगेला पोंचली होती. १८६२ च्या सुमारास रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनीं हा भुसा बागकामास उपयुक्त असल्याचें सांगितलें. त्यांत कलमें लवकर मुळें धरीत आणि कंद चांगले फुलत. स्वतःच्या वजनाच्या सात-आठपट पाणी शोषून घेऊनहि त्यांत हवा खेळती राहते, हा त्याचा मोठा गुण होय. लिग्निन नांवाचें काष्ठद्रव्य भरपूर असल्यामुळें तो लवकर कुजतहि नाहीं.

इतके गुण असून तो मागें कां पडला? एक कारण त्याच्या अंगींच होतें. खाऱ्या पाण्यांत मुरलेल्या सोडणाच्या भुशांत मीठ राहतें. तो नीट धुतला नाहीं तर कोंवळीं मुळें करपतात. दुसरें कारण बाजाराचें होतें. युरोपांतल्या दलदलींत शेवाळ अर्धवट कुजून साचलेली पीट नांवाची काळी माती घराजवळ, स्वस्त आणि मुबलक मिळत होती. १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील मर्टन येथील जॉन इन्स संस्थेंत लॉरेन्स आणि न्युएल यांनीं कुंड्यांसाठीं सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू असें मिश्रण ठरवून दिलें. पुढें १९५७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठानें वाळू व पीट यांचींच मिश्रणें प्रसिद्ध केलीं. पीट सर्वत्र रूढ झाली आणि भुसा विस्मृतींत गेला.

पीटची खरी किंमत मात्र उशिरा कळली. ती वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. एका हंगामांत उपसलेला थर भरून येण्यास पिढ्यान्‌पिढ्या लागतात. शिवाय पृथ्वीवरील सर्व अरण्यांच्या झाडोऱ्यांत मिळून जितका कार्बन आहे, त्याहून अधिक या दलदलींच्या पोटांत आहे. १९८० नंतर हॉलंडमधील हरितगृहांतून श्रीलंकेचा धुतलेला व दाबून विटा केलेला भुसा दिसूं लागला. १९९० सालीं ब्रिटनमध्यें पीटविरुद्ध चळवळ उभी राहिली, आणि जुन्या भुशाला पुन्हां बोलावणें आलें.

भारतांत १९५३ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या कॉयर बोर्डानेंहि या ढिगांकडे लक्ष दिलें. एका खाद्य अळंबीच्या साहाय्यानें भुसा कुजवून त्याचें खत करण्याची रीत निघाली. जो कचरा पावसांत भिजून आपला कडू रस खाडीच्या पाण्यांत सोडी, तो विकला जाऊं लागला.

पण येथें एक नवा प्रश्न उभा राहिला. भुशांतील मीठ काढावयाचें तर गोडें पाणी हवें. तामिळनाडूंतील पोल्लाचीच्या परिसरांत हा धंदा फोफावला, तेव्हां धुणावळीचें तांबडें पाणी जमिनींत मुरून विहिरी बिघडल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनीं केल्या. २०२१ सालीं तेथील प्रदूषण नियंत्रण मंडळानें या धंद्याला निरुपद्रवी उद्योगांच्या यादींतून काढून अधिक कडक देखरेखीच्या वर्गांत घातलें. दूरच्या देशाची दलदल वाचवितांना जवळच्या गांवची विहीर जाऊं नये, हें भान कारखानदारानें, सरकारनें आणि गिऱ्हाइकानेंहि ठेविलें पाहिजे.

पांच किलो वजनाची भुशाची एक वीट पाण्यांत भिजविली कीं फुगून साठ लिटरांहून अधिक जागा व्यापते. इतकी सोईची वस्तु सहज मिळूं लागली म्हणजे सहज टाकलीहि जाते. वास्तविक हंगाम संपल्यावर तोच भुसा मुळ्या काढून, धुऊन आणि शेणखत मिसळून पुन्हां वापरतां येतो. भुशांत झाडाचें अन्न फारसें नसतें, म्हणून खत घालणें तर पहिल्यापासूनच अवश्य आहे. ज्या द्रव्याला मनुष्यानें इतकीं शतकें कचरा मानलें, त्याला निदान कुंडींतून उचलून पुन्हां कचऱ्यांत लोटूं नये.