पडद्याआडील रुग्णांची कैवारीण



यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत पांढरकवडा नांवाचें गांव आहे. केळापूर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. आसपासचा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. शेतकऱ्यांच्या वस्तीला लागून गोंडांचीं खेडीं व कोलामांचे पोड. अशा मुलुखांत, गाडीरस्तेहि धड नसत त्या काळीं, एखादी बाई बाळंतपणांत अडली म्हणजे काय होत असेल, याची कल्पना शहरांत राहणाऱ्या आपणां मंडळींस सहज येणार नाहीं. सुईण हात टेकी. डॉक्टर दूर असे. आणि जवळ असला तरी तो पुरुष, म्हणून घरचीं माणसें त्याला आंत बोलावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करीत. तेवढ्या विचारांतच कित्येकींचा शेवट होई.

पुढें या जिल्ह्यांत सरकारी दवाखाने निघाले. उमरी येथें फ्री मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनीं रुग्णालय चालविलें. ‘बाईला बाई डॉक्टर हवी’ हें वाक्य आज आपणांस अगदीं साधें वाटतें. पण ही साधी गोष्ट घडवून आणण्यासाठीं कांहीं स्त्रियांना आपलें सारें आयुष्य वेंचावें लागलें. त्यांपैकीं एकीची कथा मी आज आपणांस सांगणार आहें. तिचें नांव डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन.

हें नांव मराठी कानांना परकें वाटेल. परंतु तिच्या घराण्याचे उपकार मराठी समाजावर पूर्वींच झालेले आहेत. बालपणीं लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टांत झगडणाऱ्या रखमाबाई आपणां सर्वांस ठाऊक आहेत. तो खटला १८८४ ते १८८८ पर्यंत गाजला आणि १८८९ सालीं रखमाबाई वैद्यक शिकण्यासाठीं लंडनला गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. ईडिथ पीची यांचें त्यांना प्रोत्साहन होतें. आणि विलायतेंत ज्यांनीं त्यांना साह्याचा हात दिला, त्यांत वॉल्टर मॅक्लॅरन व त्यांच्या पत्नी ईव्हा हें जोडपें प्रमुख होतें. पुढें डॉ. रखमाबाईंनीं सुरत व राजकोट येथें हजारों स्त्रियांची सेवा केली. या वॉल्टर मॅक्लॅरन यांची वडील सावत्र बहीण म्हणजेच आपल्या ॲग्नेसबाई.

ॲग्नेसबाईंचा जन्म ४ जुलै १८३७ रोजीं स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें झाला. वडील डंकन मॅक्लॅरन हे कापडाचे मोठे व्यापारी; ते शहराचे नगराध्यक्ष झाले आणि १८६५ पासून १८८१ पर्यंत पार्लमेंटचे सभासद होते. ॲग्नेस चार वर्षांची असेल नसेल तोंच आई वारली. सावत्र आई प्रिसिला ही प्रसिद्ध वक्ते जॉन ब्राइट यांची बहीण. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून एडिंबरोंत जी संस्था निघाली तिची धुरा प्रिसिलाबाईंनीं वाहिली आणि चिटणिशीचें काम ॲग्नेसबाईंनीं केलें. स्कॉटलंडमधील गांवोगांव हिंडून सभा भरविण्यांत त्यांचें तारुण्य गेलें.

त्याच शहरांत १८६९ सालीं सात तरुणींनीं विद्यापीठांत वैद्यकाच्या वर्गांत प्रवेश मिळविला. सोफिया जेक्स-ब्लेक ही त्यांची पुढारी. वर सांगितलेल्या ईडिथ पीची त्यांतल्याच. १८७० च्या नोव्हेंबरांत त्या परीक्षेला निघाल्या असतांना विद्यार्थ्यांच्या जमावानें त्यांची वाट अडविली, चिखल फेंकला. अखेर १८७३ सालीं कोर्टानेंहि विद्यापीठाच्याच बाजूनें निकाल दिला. ॲग्नेसबाई जेक्स-ब्लेकच्या मैत्रीण. हा सारा प्रकार त्यांच्या डोळ्यांदेखत घडला. अशा वेळीं बहुतेक माणसें हळहळून गप्प बसतात. या बाईंनीं मात्र, वयाची पस्तिशी उलटून गेलेली असतां, स्वतःच डॉक्टर व्हावयाचें ठरविलें. मायदेशीं दार बंद, म्हणून त्या फ्रान्समधील माँपेलिए येथें गेल्या. तेथें त्यांनीं फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठांत बिऱ्हाड केलें आणि १८७८ सालीं, एकेचाळिसाव्या वर्षीं, त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. कॅथॉलिक समाजांत ज्या स्त्रिया आजन्म व्रत घेऊन मठांत राहतात त्यांना धर्मभगिनी म्हणतात. असें व्रत न घेतां आपापल्या घरीं राहून धर्म पाळणारे सर्व लोक ते प्रापंचिक. ॲग्नेसबाई मठांत राहिल्या त्या केवळ बिऱ्हाडकरू म्हणून. त्यांचें घराणें तर प्रॉटेस्टंट. पुढें त्यांनीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथें वैद्यकीचा व्यवसाय केला. कॅथॉलिक धर्माचा विचार त्या वीस वर्षें करीत होत्या. अखेर १८९८ सालीं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, त्यांनीं तो स्वीकारला. पण धर्मभगिनी त्या झाल्या नाहींत. अखेरपर्यंत त्या प्रापंचिकच राहिल्या, आणि याच गोष्टीला पुढें मोठें महत्त्व आलें.

ज्या वयांत माणूस पेन्शनीचे दिवस मोजतो, त्या वयांत ॲग्नेसबाईंचें खरें कार्य सुरू झालें. पंजाबांत रावळपिंडी येथें फादर डॉमिनिक वॅग्नर नांवाचे मिशनरी होते. पडद्यांतल्या स्त्रियांची दुर्दशा त्यांच्याकडून ॲग्नेसबाईंना कळली. पुरुष डॉक्टरला त्या तोंडहि दाखवीत नसत. स्त्रिया आणि त्यांचीं अर्भकें उपचारावांचून मरत, आणि गरीब घरांतून हें दुःख अधिक, कारण तेथें दुसरा इलाजच नसे. ॲग्नेसबाईंनीं लंडनमध्यें एक मंडळ स्थापिलें, मदत मिळविली आणि रावळपिंडीस स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं सेंट कॅथरिन हॉस्पिटल उभें करविलें. सत्तरी ओलांडल्यावर, १९०९ सालीं, त्या स्वतः समुद्र ओलांडून तें काम पाहण्यास हिंदुस्थानांत आल्या.

इमारत झाली, शुश्रूषेला धर्मभगिनी मिळाल्या. पण डॉक्टर कोठून आणावयाची? पगारी डॉक्टरीण आज आहे तर उद्यां नाहीं. कुणाचें लग्न होई, कुणाला हवा मानवत नसे. ज्यांनीं जन्मभर तेथेंच राहण्याचें व्रत घेतलें आहे अशा धर्मभगिनीच डॉक्टर झाल्या तर हा प्रश्न सुटेल, हें ॲग्नेसबाईंना स्पष्ट दिसत होतें. परंतु आडवा आला तो खुद्द त्यांच्याच धर्माचा नियम.

हा नियम मोठा जुना. १२१५ सालच्या लॅटरन येथील धर्मपरिषदेनें धर्माधिकाऱ्यांना शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली होती. तेव्हांपासून व्रतस्थांनीं वैद्यक करूं नये ही समजूत दृढ होत गेली. बाळंतपणाचें काम तर धर्मभगिनींना पूर्णपणें वर्ज्य होतें. ब्रह्मचर्यव्रताला तें शोभत नाहीं, असा विचार त्यामागें होता. हा विचार कोणी दुष्टपणानें केलेला नव्हता. पावित्र्य राखण्यासाठीं घातलेलें तें कुंपण होतें. पण कुंपणाच्या अलीकडे उपचार करूं शकणारे हात होते आणि पलीकडे स्त्रिया मरत होत्या.

आपल्याकडे तरी काय निराळें होतें? बाळंतिणीची खोली म्हणजे घरांतली सर्वांत अंधारी खोली, तिचा विटाळ, आणि जी सुईण आई व मूल दोघांचेहि प्राण राखी, तिलाच शिवून घेण्याची चोरी! शुचितेच्या कल्पनेनें करुणेची वाट अडविल्याचीं उदाहरणें कोणत्याहि एका धर्माचीं नाहींत. म्हणून ॲग्नेसबाईंची ही कथा ख्रिस्ती लोकांपुरतीच आहे असें मला वाटत नाहीं.

ॲग्नेसबाईंनीं काय केलें? धर्माशीं भांडण मांडलें नाहीं आणि प्रश्नहि सोडला नाहीं. ज्या हातांनीं तरुणपणीं मताच्या हक्कासाठीं अर्ज लिहिले, त्याच हातांनीं त्यांनीं रोमला अर्ज लिहिले. म्हातारपणीं वारंवार रोमला जाऊन त्यांनीं धर्माधिकाऱ्यांपुढें गाऱ्हाणें मांडलें. उत्तर सहानुभूतीचें मिळे, पण नियम जागचा हालला नाहीं. १७ एप्रिल १९१३ रोजीं फ्रान्समधील आंतीब येथें त्यांनीं देह ठेवला. त्या दिवशीं कोणी हिशेब मांडला असता तर बाईंच्या नांवावर एक लहानसें रुग्णालय आणि पुष्कळसे नाकारलेले अर्ज, एवढेंच निघालें असतें.

पण चांगल्या कामाचा हिशेब माणसाबरोबर मिटत नाहीं. मृत्यूपूर्वीं ॲग्नेसबाईंनीं ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांतांतल्या ॲना डेंगेल या मुलीला पत्रें लिहिलीं होतीं. हिंदुस्थानांत काम करावयाचें तर ब्रिटिश पदवी हवी, म्हणून आयर्लंडमध्यें कॉर्क येथें शीक, असा सल्लाहि दिला होता. दोघींची गांठ कधींच पडली नाहीं. तरीहि ती मुलगी १९१९ सालीं डॉक्टर झाली आणि १९२० सालीं रावळपिंडीच्या त्याच रुग्णालयांत कामावर रुजू झाली. तिकडे ऑस्ट्रेलियांत मेरी ग्लौरी या तरुण डॉक्टरनें १९१५ सालीं ॲग्नेसबाईंवरील एक लहान पुस्तिका वाचली आणि तिच्याहि आयुष्याची दिशा बदलली. १९२० सालीं ती आंध्रांत गुंटूर येथें आली, धर्मभगिनी झाली, आणि पोपच्या खास परवानगीनें तिनें तेथें वैद्यकी केली. १९४३ सालीं तिनेंच कॅथॉलिक रुग्णालयांचा अखिल भारतीय संघ स्थापिला.

एकीला मिळालेली परवानगी हा अपवाद झाला. नियम तसाच होता. डॉ. डेंगेल यांनीं तो पालटण्याचा मार्ग शोधला. १९२५ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें त्यांनीं तीन सोबतिणींसह वैद्यकीय सेविकांची संस्था काढली. त्यांत दोघी डॉक्टर आणि दोघी परिचारिका. मठाचीं जाहीर व्रतें त्यांनीं घेतलीं नाहींत. व्रतें नाहींत म्हणून मनाईहि नाहीं! अकरा वर्षें अशीं गेलीं. या संस्थेचें काम सर्वांना दिसलें, आणि ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें. धर्मभगिनींनीं वैद्यक शिकावें, बाळंतपणेंहि करावीं, असें त्यांत सांगितलें होतें. ज्या दारावर ॲग्नेसबाईंनीं धक्के दिले तें उघडलें. पण तेव्हां त्यांना जाऊन तेवीस वर्षें झालीं होतीं. याच संस्थेच्या भगिनींनीं रावळपिंडीस, आणि १९५३ सालीं दिल्लीस, होली फॅमिली रुग्णालय उभारलें. डॉ. डेंगेल यांचा अंत १९८० सालीं रोम येथें झाला. आणि योगायोग असा कीं, तीहि तारीख १७ एप्रिलच होती.

दानधर्म म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें अन्नसत्र, धर्मशाळा, पाणपोई येतात. तीं सर्व पुण्यकर्मेंच आहेत. पण दानाचा आणखी एक प्रकार आहे. गरीब आणि मदत यांच्यामध्यें कोणता नियम, कोणती रूढि आडवी पडली आहे हें शोधावें आणि ती दूर करण्यासाठीं आपलें वय, मान व श्रम खर्चावे. यश डोळ्यांनीं दिसलें नाहीं तरी तें काम दुसऱ्याच्या हातीं सोंपवून जावें. ॲग्नेसबाईंनीं हें दान केलें.

पांढरकवड्याकडील एखाद्या पोडावरच्या बाईनें त्यांचें नांव ऐकलें नसेल. तें तिला ठाऊक असण्याची गरजहि नाहीं. अवघड वेळीं तिच्या उशाशीं जाणती बाई असावी, एवढेंच तर त्यांना हवें होतें. आपल्या घरांत, आपल्या गांवांत असें एखादें कुंपण अजून उरलें आहे काय, एवढा प्रश्न आपण आज स्वतःस विचारावा, अशी माझी विनंती आहे.