एका नाटकाचा नाटककार : अलेक्सांद्र ग्रिबोयेदव

गोगोलचे 'इन्स्पेक्टर जनरल' पु. ल. देशपांडे यांच्या 'अंमलदार'मुळे मराठी रसिकांच्या परिचयाचे झाले. चेखवच्या नाटकांचीही येथे चर्चा होत असते. मात्र या दोघांच्या आधीचा अलेक्सांद्र सेर्गेयेविच ग्रिबोयेदव आपल्याकडे जवळजवळ अपरिचितच राहिला आहे. त्याने इतर काही विनोदी नाटके लिहिली, पियानोसाठी दोन सुरेख वॉल्ट्झही रचले. पण त्याचे नाव टिकून आहे ते 'गोर्ये ओत उमा' या एकाच पद्यनाटकामुळे. 'बुद्धीपायी ओढवलेले दुःख' असा या शीर्षकाचा अर्थ.

मॉस्कोतील सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. जन्मवर्ष सामान्यतः १७९५ धरले जाते, तरी त्याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. मॉस्को विद्यापीठातील शिक्षणानंतर १८१२ मध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी तो घोडदळात दाखल झाला आणि १८१७ मध्ये परराष्ट्र खात्यात रुजू झाला. त्याच वर्षी एका नर्तकीवरून झालेल्या द्वंद्वयुद्धात एका तरुणाचा बळी गेला. ग्रिबोयेदव त्यात साक्षीदार होता. त्याच वादातून पुढे १८१८ मध्ये तिफ्लिस येथे तो स्वतः द्वंद्वात उतरला आणि त्याच्या डाव्या हाताला गोळी लागली.

इराण आणि कॉकेशसमधील नोकरीच्या काळात नाटकाने आकार घेतला. १८२४ मध्ये ते पूर्ण झाले. तीन वर्षांच्या प्रवासानंतर मॉस्कोला परतलेला चात्स्की आपल्या बालमैत्रिणीच्या, सोफियाच्या घरी येतो. तिचे मन मात्र वडिलांच्या मोलचालिन नावाच्या मिंध्या कारकुनावर जडलेले असते. चात्स्की साऱ्यांना तोंडावर खरे सुनावतो. वैतागलेली सोफिया तो वेडा असल्याचे सहज बोलून जाते आणि मेजवानीची रात्र संपण्यापूर्वी अवघे प्रतिष्ठित मॉस्को ती अफवा सत्य मानू लागते. कोणी आपापली कारणेही पुरवतो : अति वाचन, अति मद्यपान! झारशाहीतील खुशामत आणि भूदासांची विक्री यांवर इतके थेट बोट ठेवणारे नाटक सेन्सॉरच्या हातून सुटणे अशक्यच होते. १८२५ मध्ये एका वार्षिकात काही प्रवेश छापून आले, तेवढेच. लोकांनी मात्र हस्तलिखित प्रती उतरवून घेतल्या आणि छापखान्याविना हे नाटक रशियाभर पोहोचले. त्यातील निम्म्या ओळी म्हणी होतील, हे पुश्किनचे भाकीत खरे ठरले.

१८२६ मध्ये डिसेंबरच्या उठावातील बंडखोरांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याला अटक झाली. काही महिन्यांनी तो निर्दोष सुटला. १८२८ च्या तुर्कमानचाय तहाच्या वाटाघाटींत त्याचा मोठा वाटा होता. या तहाने इराणवर प्रदेशत्यागाबरोबरच जबर खंडणी लादली आणि युद्धकैद्यांना परत पाठविण्याचे बंधन घातले. त्याच तहाच्या अंमलबजावणीसाठी ग्रिबोयेदवला राजदूत म्हणून इराणला पाठविण्यात आले. वाटेत तिफ्लिसला त्याने जॉर्जियन कवी चावचावाद्झे यांच्या अवघ्या सोळाव्या वर्षात असलेल्या नीनो या कन्येशी विवाह केला.

शाहाच्या जनानखान्यातील एक आर्मेनियन खोजा आणि एका सरदाराच्या घरातील काही स्त्रिया यांनी तेहरानमधील रशियन वकिलातीत आश्रय घेतला. तहानुसार त्यांना मायदेशी नेण्याचा आग्रह ग्रिबोयेदवने धरला. शहरात संताप उसळला. ११ फेब्रुवारी १८२९ रोजी जमावाने वकिलातीवर हल्ला केला. सचिव माल्त्सोव वाचला, पण तेथील जवळपास सर्वांची कत्तल झाली. ग्रिबोयेदवचा छिन्नविच्छिन्न देह डाव्या हातावरील त्या जुन्या जखमेवरून ओळखला गेला, असे सांगतात.

शाहाने आपल्या नातवाला सेंट पीटर्सबर्गला पाठवून झारला 'शाह' हिरा नजर केला. ही या रक्ताची किंमत होती असे मानले जाते, काही इतिहासकारांना ते मान्य नाही. या हिऱ्यावर तीन मालकांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील पहिले अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचे, दुसरे शाहजहानचे. आज तो मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे.

नाटक १८३१ मध्ये काटछाट होऊन सार्वजनिक रंगभूमीवर आले, १८३३ मध्ये तशाच स्वरूपात छापले गेले. संपूर्ण संहिता रशियात प्रसिद्ध होण्यास १८६२ उजाडले. नीनोने पुनर्विवाह केला नाही. १८५७ मध्ये कॉलऱ्याने तिचे निधन झाले आणि तिफ्लिसच्या म्तात्समिंदा टेकडीवर पतीशेजारीच तिचे दफन करण्यात आले.