‘लेफ्ट’ म्हणजे गेला की उरला? भोपाळच्या बातम्यांतून समजून घ्या एक इंग्रजी क्रियापद

भोपाळ : वायुकांडावरच्या इंग्रजी बातम्यांत ‘लेफ्ट’ हा शब्द वारंवार भेटतो. कुठे अर्थ ‘निघून गेला’, कुठे नेमका उलटा, ‘उरला’. भाषांतरात गल्लत होते ती इथेच.

रूप कसं होतं?
‘लीक’चा भूतकाळ सरळ ‘लीक्ड’. ‘लीव्ह’चा मात्र ‘लेफ्ट’ होतो. ‘हॅज’, ‘हॅड’, ‘वॉज’नंतरही तेच रूप. ‘राहणे’ या अर्थाचं ‘लिव्ह’ वेगळं, त्याचं ‘लिव्ह्ड’.

१) निघून जाणे
२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. ७ डिसेंबरला कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन भोपाळला आले. त्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि सरकारी विमानाने ते दिल्लीला गेले. इंग्रजीत हे ‘लेफ्ट भोपाळ’. आपल्या ‘भोपाळहून’मुळे मध्ये ‘फ्रॉम’ घालावंसं वाटतं, पण त्याची गरज नसते. ‘लेफ्ट फॉर दिल्ली’ म्हणजे दिल्लीकडे निघाले. यातला ‘फॉर’ गळला तर अर्थ होतो, दिल्ली सोडली!

२) एखाद्या अवस्थेला नेणे
‘लेफ्ट थाउजंड्स डेड’चं भाषांतर ‘हजारोंना मृत सोडलं’ असं करू नये. ‘हजारोंचा बळी घेतला’ हे मराठी.

३) मागे टाकणे
‘लेफ्ट बिहाइंड’ म्हणजे मागे टाकून जाणे. कारखाना बंद पडला, पण विषारी कचरा चाळीस वर्षं आवारातच होता. १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा १२ कंटेनरमधून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरकडे निघाला.

४) उरणे
पीथमपूरला आधी चाचणी म्हणून ३० टन जाळला. उरला ३०७ टन, त्यालाही ‘लेफ्ट’च. तो २०२५ च्या जूनअखेर जाळून झाला. कारखान्याच्या आवारातली दूषित माती आणि आसपासच्या भूजलाचा प्रश्न मात्र उरलाच आहे.

‘डावा’ या अर्थाचा ‘लेफ्ट’ वेगळ्या मुळातून आलेला, त्याचा ‘लीव्ह’शी संबंध नाही. ‘ग्रुप लेफ्ट केला’ यातला मात्र हाच.

भाषांतर करताना हे पाहा
‘वेस्ट लेफ्ट भोपाळ’ म्हणजे कचरा भोपाळहून गेला. ‘वेस्ट लेफ्ट इन भोपाळ’ म्हणजे भोपाळमध्ये उरलेला कचरा. फरक एका ‘इन’चा.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘कचरा मागे राहिला’ म्हटलं की तो जणू आपोआप राहिला. ‘कंपनीने कचरा मागे टाकला’ म्हटलं की जबाबदार कोण ते कळतं. ‘वॉज लेफ्ट’मध्ये कर्ता दिसत नाही. म्हणून आधी विचारावं, टाकला कोणी? उत्तर बातमीत असेल तर मराठी वाक्यातही यायला हवं.