खुर्च्यांपुढे गुडघे टेकणारी माणसं

पंडिता रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवासशास्त्री १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथे एका ख्रिस्ती मेळाव्याचं त्यांना आमंत्रण आलं. मधेच सगळी मंडळी उठली, खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली आणि डोळे मिटून काहीतरी बोलू लागली. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. या बहीणभावंडांना वाटलं, हे लोक खुर्च्यांनाच पुजतात की काय!

हा प्रसंग रमाबाईंनी १९०७ मधल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितला आहे. मी तो उचलला आणि प्रकरणाच्या सुरुवातीलाच 'रमाबाईंची १८७८ मधली प्रतिक्रिया' म्हणून टाकून दिला. गाइडनी समासात दोनच प्रश्न लिहिले: 'हे कधी लिहिलंय? कुणासाठी?' माझं अख्खं प्रकरण तिथेच कोसळलं. तुम्ही धर्मांतरावर, भक्तीवर किंवा कुठल्याही आत्मचरित्रावर काम करणार असाल तर हेच दोन प्रश्न तुम्हालाही आडवे येणार आहेत.

१९०७ चं निवेदन हे ख्रिस्ती 'साक्ष' या प्रकारातलं लेखन आहे. त्याचा साचा ठरलेला असतो: आधी अंधार, मग शोध, मग प्रकाश. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. दुष्काळात घर धुऊन निघालं, नवस, उपास, दानं सगळं करूनही देव पावला नाही, आणि आईवडील, थोरली बहीण गेली. हे सारं तिथे येतं. पुढे त्या म्हणतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. तो काही वर्षांनी भेटला. म्हणजे साक्षीतला संशय मागे टाकलेली पायरी असतो. शेवट माहीत असलेल्या माणसाने तो सांगितलेला असतो.

आता पत्रं बघा. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. तिथून, मुख्यतः १८८५ मध्ये, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो वाद झाला तो वाचताना आपणच अवघडतो. एकाच पत्रात जेराल्डीनना 'आजीबाई' म्हणायचं आणि त्याच पत्रात त्रैक्याचा सिद्धांत, येशूचं देवत्व, कुमारीपासून झालेला जन्म, एकेकावर शंका घ्यायची. जेराल्डीनना यात अहंकार दिसला. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं, की एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसरीच्या हाती माझी सदसद्विवेकबुद्धी देणार नाही. प्राचार्या डोरोथिया बील मात्र त्यांच्याशी वाद घालत राहिल्या, दटावलं नाही. बीलबाई स्वतः अशा संशयातून गेल्या होत्या.

हा वाद कोरड्या धर्मशास्त्राचा वाटेल, पण तो थेट प्रार्थनेपर्यंत पोहोचतो. येशू देव नसेल तर हात जोडायचे कुणापुढे? आणि गंमत अशी, की या पत्रांमध्ये प्रार्थना करावी की नाही यावर मला वाद सापडत नाही. वाद आहे तो प्रार्थनेचा अर्थ कोण ठरवणार यावर. हे माझं वाचन. तुम्ही पत्रं वाचून खोडून काढा.

इथे दोन सोपे निष्कर्ष मोहात पाडतात. एक, 'त्या मनाने कधी ख्रिस्ती झाल्याच नाहीत.' दुसरा, 'तरुणपणीचा संशय, पुढे विरला.' पहिल्याला १९०५ आडवं येतं. त्या वर्षी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत रडत प्रार्थना करत, आणि रमाबाई त्यांच्या मधोमध होत्या. दुसऱ्याला त्यांचं बायबल आडवं येतं. आयुष्याची अखेरची बरीच वर्षं त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून स्वतः मराठी भाषांतर करण्यात घालवली. दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबून न राहण्याची १८८५ मधली खोड मला त्यात दिसते.

आणखी एक गोष्ट विसरू नका. ही पत्रं जमवली आणि सांभाळली ती जेराल्डीननीच. ती १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने, अ. भि. शहांच्या संपादनाखाली, छापली. म्हणजे रमाबाईंचा संशय आपल्यापर्यंत पोहोचला तो त्याच्यामुळे दुखावलेल्या बाईच्या पेटीतून. सगळंच ठेवलं असेल का, हे विचारायलाच हवं. पण गैरसोयीची इतकी पत्रं तिने ठेवली, हेही तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

मी आता साधा तक्ता करते: घटना कधीची, लिहिली कधी, कुणाला उद्देशून, जपली कुणी. पहिल्या दिवशी अकरा नोंदी केल्या, त्यातल्या चारांची जागा बदलावी लागली. खुर्च्यांचा प्रसंग दोन ठिकाणी आलाय. १८७८ खाली लिहिलंय 'घडलं', १९०७ खाली 'सांगितलं'. मधे एकोणतीस वर्षं आहेत, आणि तिसरं प्रकरण अजून टेबलावरच आहे.