लिनक्स इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडायचं की पार्टिशन स्वतः करायचं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकावं का, असा प्रश्न अनेकांना पडतोय. इन्स्टॉलेशन तसं सोपं आहे. डोकं खर्च करावं लागतं ते एकाच स्क्रीनवर: लिनक्स डिस्कवर नेमकं कुठे बसवायचं?

सोपा पर्याय म्हणजे 'इरेज डिस्क'. पार्टिशन, फाइल सिस्टीम, बूटलोडर, सगळं इन्स्टॉलर स्वतःच करतो. पण इथे एक मोठा गैरसमज आहे. फक्त सी ड्राइव्ह पुसला जाईल, डी ड्राइव्हवरचे फोटो राहतील, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सी आणि डी हे बहुतेकदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात आणि हा पर्याय अख्खी डिस्क साफ करतो. त्यामुळे आधी बॅकअप घ्या, तोही बाहेरच्या डिस्कवर.

विंडोजही ठेवायचं असेल, तर 'विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा' हा मधला मार्ग आहे. बहुतेकांना तेवढा पुरतो.

मग मॅन्युअल पर्याय कोणासाठी?

होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचा असेल, तर. पुढे सिस्टीम बिघडली किंवा बदलावीशी वाटली, तर फक्त रूट पार्टिशन फॉरमॅट करायचं. तुमच्या फाइल्स जागच्या जागी राहतात. उबुंटू डेस्कटॉपसाठी किमान २५ जीबी जागा सांगितली जाते, पण रूटला ४०-५० जीबी दिलेली बरी. जागा कमी पडली की नंतर वाढवणं कटकटीचं असतं. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन करायची गरज नाही, उबुंटू आता स्वॅप फाइल वापरतं. एक लक्षात ठेवा: विंडोज ठेवत असाल, तर ईएफआय पार्टिशन वापरा, पण फॉरमॅट करू नका. विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स तिथेच असतात.

डिस्क छोटी असेल, उदाहरणार्थ १२८ जीबीची, तर वेगळ्या होमचा हट्ट धरू नये. एकीकडे जागा रिकामी पडून राहते, दुसरीकडे संपते.

आणि विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू आहे का, हे आधीच तपासा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, पण त्याच लॅपटॉपवर नको.