गुन्हा कोण ठरवतं?

आपल्या वस्तीतल्या पोराला 'केस' हा शब्द शाळेत जायच्या आधी कळतो. मोर्चा काढला, केस. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर बसलो, केस. सभेत जरा जोरात बोललो, केस. पण ही केस आली कुठून, तिचं मूळ काय, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. शाळेच्या पुस्तकात राजद्रोहाचा इतिहास एका टिळकांपासून सुरू होतो आणि तिथंच संपतो. जणू बाकी कुणाला तोंडच नव्हतं. म्हणून हा लेख.

१८६० साली इंग्रजांनी इंडियन पिनल कोड केला, तेव्हा त्यात राजद्रोहाचं कलम नव्हतं. १८७० साली ते घातलं, १२४-अ. सरकारबद्दल लोकांच्या मनात अप्रीती निर्माण करणं हा गुन्हा. आता गंमत बघा. चोरी केली तर माल दाखवावा लागतो, खून केला तर मुडदा दाखवावा लागतो. अप्रीती कुठं दाखवायची? ती दाखवावी लागतच नाही. ती ज्याला दिसते त्याच्या हातात कायदा असतो. १८९८ साली हे कलम आणखी रुंद केलं आणि सोबत १५३-अ आणलं, समाजा-समाजांत वैर पसरवण्याचं. हे दुसरं कलम आपण नीट वाचलं पाहिजे. जातीनं छळलं असं म्हणणाऱ्यावरच वैर पसरवल्याचा आरोप करायचा, हे त्यातून सहज जमतं.

१९०८ सालच्या २२ जुलैला मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्युरीत नऊजण, सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही म्हटलं. न्यायमूर्ती होते दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. माणूस तोच, खुर्ची बदलली. निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. लष्कर आलं, गोळ्या चालल्या, कामगार मेले. बोलल्याबद्दल शिक्षा झाली त्याचं चरित्र झालं. त्याच्यासाठी मेले त्यांची नावं पाठ्यपुस्तकात नाहीत. त्या काळात गिरणीच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला शिरू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, तो महारानं ओढला तर दुसऱ्याला विटाळ. देशाच्या स्वातंत्र्यासाठी गिरणी बंद करणाऱ्या शहरात धाग्याला लागलेल्या थुंकीचीही जात होती.

आता महाडकडे येतो. सभाबंदी, मनाई, खटला या तिन्ही गोष्टींचा धडा तिथं आहे.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं आपलं झालं. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली, ती कायदा मोडायला गेली नव्हती. कायदा पाळायलाच गेली होती. तरी काय झालं? आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवली आणि मंडपात जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. आपल्या लोकांनी हात उगारला असता तर महाडचा रंग वेगळा दिसला असता. बाबासाहेबांनी आवरलं. हल्लेखोरांवर खटला झाला, त्यातल्या काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळं मात्र १०८ घागरी पंचगव्य ओतून शुद्ध केलं.

पुढचा डाव जास्त शहाणा होता. लाठीनं जमलं नाही तेव्हा कागद आणला. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरणार, तेवढ्यात सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा टाकला, तळं खाजगी आहे म्हणून. १४ डिसेंबरला कोर्टानं बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर तात्पुरता मनाई हुकूम काढला. आता पाणी प्यायलं तर भांडण सवर्णांशी राहत नव्हतं, ते सरकारशी होत होतं. कालपर्यंत जे जातीचं भांडण होतं, ते एका कागदानं कायदा-सुव्यवस्थेचं झालं. हा डाव तेव्हापासून आजवर चालू आहे, तो ओळखायला शिका.

२५ डिसेंबरला परिषद भरली. मंडपाला जागा मिळेना, ती एका मुसलमान गृहस्थानं दिली. त्या रात्री मनुस्मृती जाळली. हजारो माणसं हुकूम मोडून तुरुंगात जायला तयार होती. कलेक्टर स्वतः येऊन सांगून गेला. बाबासाहेबांनी विचार केला आणि सत्याग्रह पुढे ढकलला. लोक गावातून मिरवणूक घेऊन तळ्याला वळसा घालून परत आले. पाण्याला हात लावला नाही. कुणी म्हणेल माघार. मला तसं वाटत नाही. तुरुंगात गेलेल्या शेतमजुराच्या घरची चूल कोण पेटवणार, हा हिशोब ज्याला करावा लागतो तोच हे समजू शकतो. हुकूम न मोडता त्यांनी मनूच मोडला आणि तळ्याचं भांडण कोर्टात नेलं.

ते भांडण किती चाललं? फेब्रुवारी १९२८ ला मनाई उठली. दावा १९३१ साली फेटाळला. ठाण्याचं अपील १९३३ ला फेटाळलं. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची चाल अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध होत नाही. ओंजळभर पाण्यासाठी नऊ वर्षं तीन महिने. त्या निकालातले एक न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हेच ब्रूमफील्ड १९२२ साली अहमदाबादला जिल्हा न्यायाधीश होते आणि त्यांनीच गांधींना लेखांबद्दल राजद्रोहात सहा वर्षं दिली होती. पुन्हा तेच. न्यायाधीश चांगला की वाईट यावर आपली चळवळ टांगून ठेवता येत नाही.

आता गोऱ्याची खुर्ची सोडा, आपल्या माणसाची खुर्ची बघू.

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं. समेटाच्या सगळ्या पायऱ्या संपायच्या आत संप केला तर तो बेकायदा, आणि बेकायदा संपाला तुरुंग. काल परक्या सरकारच्या विरोधात हरताळ पुकारणारे आज हरताळाला गुन्हा म्हणू लागले. १५ सप्टेंबर १९३८ ला बाबासाहेब विधानसभेत उभे राहिले. त्यांचा मुद्दा कामगारानं पाठ करावा असा आहे. संप म्हणजे नोकरीचा करार मोडणं. करार मोडला तर फार तर नुकसानभरपाई मागा. व्यापाऱ्यानं करार मोडला तर त्याला कुणी तुरुंगात घालत नाही, मग कामगारालाच का? मनाविरुद्ध माणसाला कामावर जुंपणं म्हणजे गुलामगिरी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव.

७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. १९२९ च्या संपात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या विरोधात होते. विणकाम खात्यातल्या विटाळाबद्दल त्यांनी लाल बावट्याला रोखठोक विचारलं होतं. ते भांडण मिटलं नव्हतं. तरी संपाचा हक्क जातोय म्हटल्यावर ते कामगार मैदानावर डांग्यांच्या बाजूला उभे राहिले. त्या दिवशीही पोलिसांनी गोळ्या घातल्या. गृहमंत्री होते कन्हैयालाल मुन्शी.

हे मुन्शी नाव लक्षात ठेवा. दहा वर्षांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत भाषण-स्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. मसुद्यात त्या स्वातंत्र्याला मर्यादा घालणाऱ्या गोष्टींत 'राजद्रोह' हा शब्द होता. तो काढा अशी दुरुस्ती मांडली ती याच मुन्शींनी. शब्द निघाला. १९ व्या कलमात बोलण्याचा आणि शस्त्राविना शांततेनं जमण्याचा हक्क आला. पण पिनल कोडातलं १२४-अ तसंच राहिलं. घराला नवं दार बसवलं आणि मागची खिडकी उघडी ठेवली.

१९५० साली सुप्रीम कोर्टानं वर्तमानपत्रांच्या बाजूनं निकाल दिले, तेव्हा १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'गुन्ह्याला चिथावणी' या नव्या मर्यादा आल्या. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते आणि त्यांनी संसदेत या दुरुस्तीचं समर्थन केलं. हे आपण लपवू नये. भक्ताला लपवावं लागतं, अनुयायाला नाही. त्याच दुरुस्तीनं 'वाजवी' हा शब्दही आणला, म्हणजे बंधन वाजवी आहे का हे कोर्टाला विचारता येतं. पण 'सार्वजनिक सुव्यवस्था' बिघडली हे ठाण्यात कोण लिहितं? हवालदार लिहितो. वाजवी की नाही हे कोर्ट कधी सांगतं? वर्षांनी. या मधल्या वर्षांतच आपलं आयुष्य जातं.

१९६२ सालचा केदारनाथ सिंग खटला बघा. बिहारातल्या बरौनीच्या सभेत हा माणूस १९५३ साली सरकारविरुद्ध कडक बोलला. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसती कडक टीका हा राजद्रोह नाही, हिंसेला किंवा दंग्याला चिथावणी पाहिजे. फार चांगलं तत्त्व. पण १२४-अ घटनेत बसतं असंही ठरवलं आणि केदारनाथचं अपील फेटाळलं. तत्त्व वकिलांना मिळालं, शिक्षा केदारनाथच्या वाट्याला राहिली.

५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा होती. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या, पुढारी धरले गेले, बी.डी.डी. चाळी पेटल्या. १० तारखेच्या मोर्चात वरून पडलेल्या दगडानं भागवत जाधव हा तरुण पँथर गेला. दगड कुणी मारला आणि बेडी कुणाला पडली, हा प्रश्न महाडच्या मंडपातलाच आहे.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला आणि बंदात उतरलेल्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. आदल्या ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेवरून लेखक, वकील, कार्यकर्ते अशा १६ जणांना यूएपीए लावून आत टाकलं. या कायद्यात २००८ साली अशी दुरुस्ती झाली की आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन नाही. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच वारले. महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिणारे आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला स्वाधीन झाले आणि जामिनावर २६ नोव्हेंबर २०२२ ला बाहेर आले. तारखा पुन्हा वाचा. आत गेले भीमजयंतीला, बाहेर आले संविधान दिनाला.

११ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं १२४-अ स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ पासून पिनल कोड जाऊन न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. कलम १५२ आहे, देशाची एकता धोक्यात आणण्याचं, जन्मठेपेपर्यंत. जमावबंदीच्या १४४ चं १६३ झालं. पाच माणसांचा बेकायदा जमाव आहे तसाच आहे. समान उद्देश चिकटवला की दगड एकानं मारायचा आणि आरोपी सगळ्यांनी व्हायचं. नंबर बदलले, ठाण्यातला टेबल तोच.

केसची शिक्षा निकालात नसते, तारखांत असते. तारखेला कोर्टात गेलं की कामावर खाडा. चार खाडे झाले की बदलीवाल्याला कोण ठेवतो? पोलीस व्हेरिफिकेशनला नाव निघालं की नोकरी गेली. दहा वर्षांनी निर्दोष सुटला तरी त्याला ती दहा वर्षं कुणी परत देत नाही. सरकारला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून बऱ्याचदा त्याला खटला जिंकायचाच नसतो, फक्त चालू ठेवायचा असतो.

मग गप्प बसायचं? नाही. महाडच्या माणसांनी केलं ते करायचं. कायदा वाचायचा, एकमेकांचे जामीनदार व्हायचं, आणि लिहून ठेवायचं. प्रत्येक वस्तीत एक वही पाहिजे. कुणावर कोणतं कलम, कोणत्या तारखेला, एफआयआरमध्ये काय लिहिलं आणि खरं काय घडलं. १९०८ साली मेलेल्या कामगारांची अशी वही कुणी ठेवली असती तर आज त्यांची नावं इथं छापता आली असती.